कंबर धरली, तर आधी कोणाकडे?

दुकानाचे शटर उचलताना किंवा मिरचीचे पोते सरकवताना कंबरेत सणक भरते आणि घरात सल्ल्यांना ऊत येतो. कोणी पट्टा बांधायला सांगतो, कोणी मालिशवाल्याचे नाव सुचवतो, कोणी दुसऱ्याच दिवशी एमआरआय काढण्याचा आग्रह धरतो. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील नंदुरबार-नवापूरच्या कुटुंबांना मोठ्या तपासणीसाठी सुरत गाठणे अवघड वाटत नाही. फिजिओथेरपिस्टचे नाव मात्र या चर्चेत बहुधा सर्वांत शेवटी येते. ते आधी यावे, असे म्हणण्यास आज भक्कम आधार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४.३ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. यांपैकी सुमारे नव्वद टक्के रुग्णांत दुखण्यामागे एखादा विशिष्ट आजार दाखवता येत नाही. जुनाट कंबरदुखीसाठी संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाला समजावून सांगणे आणि व्यायाम यांना स्थान आहे. कंबरपट्टा आणि वजन लावून ताण देणे हे नेहमीचे उपचार म्हणून नाकारले आहेत.

एमआरआयच्या घाईतही धोका असतो. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या चित्रणांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे साठ टक्के निरोगी व्यक्तींच्या मणक्यांमधील चकती फुगलेली आढळली. म्हणजे अहवालातील ‘डिस्क बल्ज’ हे शब्द दुखण्याचे कारण असतीलच असे नाही. पण ते वाचून माणूस हालचालीला भितो, अंथरूण धरतो आणि स्नायू आणखी दुबळे होतात.

फिजिओथेरपिस्ट याच ठिकाणी उपयोगी पडतो. तो वाकवून, चालवून, पायांची ताकद व संवेदना तपासून दुखणे कोणत्या हालचालीशी जोडलेले आहे ते पाहतो आणि त्यानुसार व्यायाम ठरवतो. भारतात या विषयाचे शिक्षण १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट १९७६ मध्येच काढून टाकली. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपिस्टला तपासणी, निदान व उपचार स्वतंत्रपणे करता येतील, असे नमूद केले. किमान पात्रता पदवीची ठेवली. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषदही आहे. म्हणून पाटी पाहून आत शिरण्याआधी पदवी व नोंदणी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. केवळ यंत्राचा शेक देऊन दररोज पैसे घेणारे केंद्र म्हणजे फिजिओथेरपी नव्हे.

मात्र पहिला दरवाजा म्हणजे एकमेव दरवाजा नव्हे. लघवी-शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप, अकारण वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग, किंवा वयस्कर व्यक्ती पडल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात विसरून चालत नाही. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात सिकलसेलमुळेही पाठ दुखू शकते. जाणकार फिजिओथेरपिस्ट प्रथम हे प्रश्न विचारतो आणि शंका येताच रुग्णाला पुढे पाठवतो.

व्यापारी घरात कंबरेचे दोन शत्रू असतात: पेढीवरचे तासन्‌तास बसणे आणि गोदामातील ओझे. सामायिकाला जमिनीवर बसणे त्रासदायक होत असेल, तर ज्येष्ठांनी ते सोडण्यापूर्वी खुर्ची, पाठीचा आधार आणि आधी-नंतरचे हलके व्यायाम यांविषयी विचारावे. चालण्याचे मोल तर मोजले गेले आहे. ‘लॅन्सेट’ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले ७०१ जण होते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांचे दुखणे उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले.

पेढीवरचा विचार येथेच थांबू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. शेठजींच्या कंबरेसाठी गाडी सुरतेला निघते. हमालाची कंबर धरली, तर त्याची रोजी बुडते आणि उपचार गोळीवर भागतो. लहान पोती, ढकलगाडी, दुखणे सुरू होताच तपासणी आणि बरे होईपर्यंत हलके काम, एवढी व्यवस्था कोणत्याही पेढीला परवडते. ती केली, तर घरच्या माणसाइतकीच काळजी दुकानातल्या माणसाचीही घेतली जाईल.