नखांचा संथ कारभार

पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ साली, शाळकरी वयात, डाव्या हाताची नखे काढणे जे बंद केले, ते पुढे ६६ वर्षे बंदच राहिले. २०१८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क येथे ती नखे अखेर यंत्राने कापण्यात आली, तेव्हा पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली आणि एकट्या अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटरांचे निघाले. अशा विक्रमाचे कौतुक कितपत करावे हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न आहे, आणि त्या नखांच्या पायी हात कायमचा अधू झाला ही हकीकत कौतुक करणाऱ्यांनीही विसरू नये. परंतु अंगठ्याच्या त्या लांबीला ६६ वर्षांच्या महिन्यांनी भागले असता महिन्याला सुमारे अडीच मिलिमीटर असा जो आकडा हाती येतो, तो शास्त्रीय मोजणीच्या बराच जवळ जातो. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन वैद्याने स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर रेघ कोरून ती पुढे कशी सरकते याची नोंद ३५ वर्षे ठेवली होती. वयाच्या ३२ व्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढणारे त्याचे नख ६७ व्या वर्षी ०.०९५ मिलिमीटरांवर आले होते. स्वतःच्या अंगठ्याकडे इतकी वर्षे इतक्या निष्ठेने पाहत राहणारा दुसरा मनुष्य वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

वास्तविक आपल्याकडील स्त्रियांना हा हिशेब कोणतेही मोजमाप न करता ठाऊक असतो. वैशाखातल्या लग्नात रंगलेल्या बोटांवरची मेंदी कातडीवरून पंधरवड्याच्या आत उडते, नखावरून मात्र उडत नाही. ती महिन्याला तीन मिलिमीटरांच्या आसपास पुढे सरकत राहते आणि दिवाळीच्या सुमारास नखाच्या टोकाशी तिची केवळ तांबूस किनार उरते. हाताचे नख संपूर्ण नवे होण्यास सहा महिने लागतात ते असे. पायाचे नख याहून मंद. अंगठ्याच्या नखाला तर वर्ष ते दीड वर्षाची मुदत लागते. ही मुदत ज्याने ध्यानात घेतली नाही तो नखांच्या बाबतीत नाहक घाबरतो, नाहक पैसा खर्चितो, आणि गुण येण्याच्या ऐन वेळी औषध सोडून देतो.

जे आपल्याला दिसते ते नख मृत असते. केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या निर्जीव पेशींचे ते पटल होय. सजीव भाग तेवढा मुळाशी, कातडीच्या घडीखाली झाकलेला असून, अंगठ्यावर जी फिकट चंद्रकोर दिसते ती त्याच नखमुळाची बाहेर डोकावणारी कडा आहे. आयुर्वेदाने नखांना अस्थिधातूचा मल मानले, सुश्रुताने चिप्प आणि कुनख हे त्यांचे विकार क्षुद्ररोगांत गणले, आणि चरकाने पंधरवड्यातून तीन वेळा नखे काढावीत असा दंडक घातला. जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाच्या वेळी मुलांना हात पुढे करायला लावणारे गुरुजी नकळत तोच दंडक चालवीत असतात.

नख मुळाशी घडते आणि टोकाशी दिसते, या एका गोष्टीतून पुष्कळ गैरसमजांचा उलगडा होतो. नखांवर उमटणारे बारीक पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे, ही समजूत सुशिक्षित घरांतही इतकी पक्की आहे की ठिपका दिसताच मुलाच्या दुधाचा पेला मोठा होतो. दूध जरूर प्यावे. मात्र ते ठिपके बहुधा काही आठवड्यांपूर्वी नखमुळाला बसलेल्या एखाद्या जुजबी धक्क्याचे असतात, जो दाराच्या फटीत बसला की बाकाच्या कडेवर हे कोणाच्याही स्मरणात उरलेले नसते. याहून अर्थपूर्ण असतात त्या नखावर आडव्या पडणाऱ्या चरा. फ्रान्समधील जोसेफ बो या वैद्याने १८४६ साली त्यांचे वर्णन केले. विषमज्वर, डेंग्यू किंवा तत्सम दीर्घ आजारात शरीर नखमुळाचे काम काही दिवस जवळजवळ तहकूब ठेवते आणि पुढे तो खंड सर्वच नखांवर एकाच अंतरावर चर होऊन उमटतो. मुळापासून चर किती दूर गेली आहे ते मोजून तीनाने भागले की आजार किती महिन्यांपूर्वीचा हे ढोबळमानाने सांगता येते. तिच्यावर इलाज करण्याचे कारण नाही, कारण ती आपल्या पायांनी चालत जाऊन कात्रीखाली येणारच असते.

रक्तातील लोह दीर्घकाळ घटले असता नख पातळ होते, त्याचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, आणि पुढे तर ते असे खोलगट होते की पाण्याचा थेंब त्यावर ठरतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्या सर्वांची नखे खोलगट नसतात, हे खरे. ज्यांची झाली आहेत त्यांनी मात्र नखांना लावायचे तेल शोधत न बसता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि लोह कशापायी घटले, अतिस्रावाने, जंतांनी की आहारातील उणिवेने, याचा छडा लावावा. अलीकडे केस आणि नखे यांच्यासाठी बायोटिनच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला आहे. सर्वसाधारण आहार घेणाऱ्याला या जीवनसत्त्वाचा तुटवडा क्वचितच पडतो, आणि गोळ्यांची मात्रा मोठी असेल तर थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष तिच्यामुळे चुकीचे येऊ शकतात. तेव्हा रक्त देण्यापूर्वी या गोळ्यांची वर्दी डॉक्टरांना अवश्य द्यावी.

बोटांची टोके फुगून नखे घुमटाकार होणे हे लक्षण हिपॉक्रेटिसच्या नावाने ओळखले जाते, इतके ते जुने आहे. दोन्ही हातांची तीच बोटे नखास नख लावून उजेडात धरली असता मुळाशी चौकटच्या आकाराची एक लहान फट दिसते; ती दिसेनाशी झाली तर फुप्फुसे व हृदय तपासून घेणे इष्ट. ही साधी कसोटी दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ साली नमूद केली, आणि ती त्यांना सुचली ती स्वतःच्याच हृदयाच्या आजारपणात स्वतःचीच बोटे पाहता पाहता.

अशी गंभीर लक्षणे विरळा. रोजच्या दवाखान्यात नखांची जी गाऱ्हाणी येतात त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी एकच साधी वस्तू असते, ती म्हणजे पाणी. नखाच्या मुळाशी कातडीची जी पातळ झालर नखाला चिकटलेली असते, ती आतल्या सजीव भागाचा बंदोबस्त करीत असते. धुणीभांडी करणारी बाई, लावणीच्या दिवसांत ओणवी होऊन चिखलात हात घालणारी शेतकरी स्त्री, बर्फातली मासळी चिवडणारी कोळीण, यांचे हात दिवसातून कितीतरी घटका ओले असतात. साबण, सोडा व ओल यांनी ती झालर सुटते, फटीत पाणी साचते, नखाभोवतीची कातडी लाल व सुजरी होते आणि त्या उबदार ओलीत बुरशी व जंतू वस्तीला येतात. नख पुढे वेडेवाकडे, लाटालाटांचे वाढू लागते, कधी बोटापासून सुटते, तर कधी सुटलेल्या भागाखाली एका विशिष्ट जंतूमुळे हिरवा रंग चढतो, जो पाहून माणसाला भलतीच धास्ती वाटते. सुटलेले नख पुन्हा चिकटत नाही. तेवढा भाग कापून टाकून खालून नवे येण्याची वाट पाहावी, आणि मळ काढण्यासाठी टाचणी किंवा काडी आत घालू नये, कारण तिने फट वाढतच जाते. ज्यांची नखे टोकाशी पापुद्रे सुटून तुटतात त्यांच्याही बाबतीत पुन्हापुन्हा भिजणे आणि वाळणे हेच बहुधा कारण असते.

यावर उपाय म्हणून हात कोरडे ठेवा असे सांगितले जाते. पाच घरची भांडी घासून पोट भरणाऱ्या बाईला हा उपदेश करणे सोपे आहे! तिला हवेत आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे, काम संपताच हात टिपण्यास कोरडे फडके, आणि रात्री नखांच्या कडांना लावण्यास खोबरेल किंवा व्हॅसलिन. या हातमोज्यांचा खर्च ज्यांची भांडी घासली जातात त्यांनी सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्याने सूज न उतरल्यास डॉक्टर ती कमी करणारे मलम ठरावीक मुदतीसाठी देतात. शेतकऱ्याच्या पायांना पावसाळ्यात ज्या चिखल्या होतात, त्यांतली बुरशी वेळीच आवरली नाही तर तीच पुढे नखात शिरते.

नखुरडे ही याहून निराळी, एकाएकी उद्भवणारी बाब. नखाच्या कडेची सुटलेली कातडी ओढली, नख कुरतडले किंवा काटा लागला, की दोन दिवसांत बोट ठणकू लागते आणि पू धरतो. त्यावर लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून बसण्याचा इलाज घरोघरी चालत आला आहे. लिंबाने बोट गार वाटत असेल. परंतु आंबट रस फाटलेल्या कातडीला झोंबतो, आणि पू काही त्याने बाहेर येत नाही. सुरुवातीस कोमट पाण्यात दिवसातून तीनचार वेळा बोट बुडवून नीट पुसावे. पू दिसत असल्यास, अथवा रोगी मधुमेही असल्यास, दवाखाना गाठावा; तेथे पुवाला लहानशी वाट करून दिली की ठणका तत्काळ शमतो.

पायाचे नख पिवळे, जाड आणि भुसभुशीत झाले म्हणजे बुरशीच, असे धरून चालणे इष्ट नाही. सोरायसिस, आखूड बूट आणि म्हातारपण यांनीही नख जाड होते, आणि अशा बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. सबब, नखाची खरवड तपासून घेतल्याखेरीज औषध सुरू करू नये. बुरशी ठरलीच तर टर्बिनाफीनच्या गोळ्या हाताच्या नखांसाठी साधारण सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे दिल्या जातात, त्यापूर्वी यकृताची तपासणी करतात; आणि औषध संपल्यावरही नख जुनेच दिसते, कारण नवे येण्यास त्याला त्याची मुदत लागते. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम मागून आणण्याचा जो शिरस्ता गावोगाव पडला आहे, त्याने खाज थांबते आणि बुरशी माजते.

नखे काढण्याची रीत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. हाताची नखे बोटाच्या वळणाने काढावीत; पायाची मात्र सरळ काढावीत आणि कोपरे खोल कोरू नयेत, कारण कोरलेला कोपरा वाढताना मांसात रुततो व अंगठा पिकतो, आणि निमुळत्या बुटांनी त्यात भरच पडते. पूर्वी हे काम न्हाव्याच्या नराणीकडे असे. तिन्हीसांजेनंतर नखे काढू नयेत या वडीलधाऱ्यांच्या दटावणीमागे, अंधुक दिव्यात तिची धार बोटाला लागण्याचे भय असावे, असा तर्क करण्यास हरकत नाही. ज्या मधुमेह्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी लख्ख उजेडातही पायाची नखे स्वतः काढू नयेत; चांगली दृष्टी असलेल्या घरच्या माणसाकडून काढवून घ्यावीत.

शोभेसाठी नखे रंगविण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती ब्यूटी पार्लरमध्ये नखाच्या मुळाची झालर कात्रून टाकण्याच्या पद्धतीविषयी आणि जेलचे किंवा कृत्रिम नख उतरविताना खरवडून काढण्याविषयी. रंगातील रसायनांचे वावडे असेल तर त्याचे पुरळ, गंमत म्हणजे, नखाशी न येता पापण्यांवर व मानेवर उठते, कारण दिवसभर बोटे तेथे फिरत असतात. सबब, पापण्यांची खाज हटत नसेल तर नखांचा रंग महिनाभर बंद करून पाहावा.

शेवटची बाब तेवढी निकडीची. सावळ्या वर्णाच्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणे स्वाभाविक असते आणि त्यांची चिंता करू नये. पण प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या, नवी काळी रेघ उमटली, ती रुंदावत गेली, किंवा तिचा रंग मुळाच्या कातडीवर पसरला, तर तो त्वचेचा कर्करोग नाही याची खात्री करून घेण्यास एक दिवसाचीही हयगय करू नये. बॉब मार्ली हा विख्यात गायक १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी याच रोगाने गेला, आणि त्याचा प्रारंभ पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. चेंडूचा मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत जाते आणि काही महिन्यांत नाहीसे होते. रोगाचा डाग तसा सरकून जात नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना हातापायांच्या सर्व नखांवरचा रंग घरीच पुसून जावे.