दाताची कॅप कुठे बनते? ती खऱ्या दातासारखी दिसावी आणि टिकावी यासाठी काय महत्त्वाचं असतं?

रूट कॅनल झालं की डॉक्टर विचारतात, "कॅप कुठली बसवायची? मेटल, सिरॅमिक की झिर्कोनिया?" तोंड अर्धं बधिर असतं. आपण दर ऐकतो आणि मान डोलावतो.

पण कॅप कशी दिसेल आणि किती टिकेल, हे फक्त दरावर ठरत नाही. बहुतेक वेळा ती दवाखान्यात बनतच नाही. ती बनते डेंटल लॅबमध्ये, आणि बनवणाऱ्या टेक्निशियनने सहसा तुम्हाला पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात असतात दातांचं माप आणि डॉक्टरांची चिठ्ठी. या दोन गोष्टी चोख असतील तरच कॅप चोख होते.

सिरॅमिकचे प्रकार कोणते?

धातूवर पोर्सलिन चढवलेली कॅप 1960च्या दशकापासून वापरात आहे. ती मजबूत असते. पण धातू झाकणाऱ्या थरामुळे दात निर्जीव दिसू शकतो आणि हिरडी मागे सरकली तर कडेला काळसर रेघ दिसते.

लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक. त्यातून प्रकाश आत जातो, म्हणून पुढच्या दातांना ते शोभतं. त्याची ताकद साधारण 400 मेगापास्कल असते.

पारंपरिक झिर्कोनियाची ताकद 1000 मेगापास्कलच्या आसपास किंवा जास्त असते, त्यामुळे दाढांसाठी तो चांगला. मात्र जास्त पारदर्शक दिसणारा झिर्कोनिया त्यामानाने कमी मजबूत असतो. म्हणून नुसतं 'झिर्कोनिया' न म्हणता, कोणत्या दातासाठी कोणता, हे विचारा.

लॅबमध्ये काय होतं?

झिर्कोनियाची कॅप आधी कॉम्प्युटरवर डिझाइन होते. मग खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून मशीन ती कोरतं, तीही मुद्दाम 20 ते 25 टक्के मोठी. सुमारे 1500 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती आकसून बरोबर मापाची होते. त्यानंतर रंगकाम आणि चकाकी.

रंग का चुकतो?

रंगासाठी 'शेड गाइड' वापरतात. प्रचलित गाइडमध्ये ए1 ते डी4 अशा 16 छटा असतात. पण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतो आणि जास्त पांढरा दिसतो. म्हणून छटा काम सुरू करण्याआधी, शक्यतो दिवसाच्या उजेडात ठरवावी. लिपस्टिक असेल तर पुसून टाका.

खरा दात एकरंगी नसतो. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, तर टोकाला थोडा पारदर्शक. त्यामुळे छटेच्या नमुन्यासोबत काढलेला दाताचा फोटो टेक्निशियनच्या खूप कामी येतो. दात ब्लीच करायचे असतील तर कॅपच्या आधी करा. कॅपचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही.

कॅप लवकर खराब का होते?

दात पुरेसा घासला गेला नाही तर सिरॅमिकला जाडी मिळत नाही आणि तडा जाऊ शकतो. मापात कडा धूसर आली तर कॅप आणि दात यांच्यात फट राहते. सिरॅमिक किडत नाही, पण फटीतून आतला दात किडतो. रूट कॅनल झालेल्या दातात नस नसल्याने ठणकाही लागत नाही, त्यामुळे कीड उशिरा कळते.

म्हणूनच लॅबने माप परत पाठवलं आणि डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, तर वैतागू नका. धूसर मापावर अंदाजाने कॅप बनवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. चावताना कॅप उंच लागली तर ती घासतात. घासल्यावर पॉलिश झालीच पाहिजे, कारण खरखरीत सिरॅमिक समोरचा दात झिजवतं.

बसवण्याआधी काय पाहावं?

पक्कं सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून दाखवायला सांगा. आरसा घेऊन खिडकीजवळ जा. रंग पाहा, हसून पाहा, हलकेच दात मिटून पाहा. शेजारच्या दातांमध्ये फ्लॉस अडकतो का, हेही तपासून घ्या. काही खटकलं तर लगेच सांगा, कारण या टप्प्यावर कॅप लॅबला परत पाठवता येते. पक्की चिकटवल्यावर काढायची झाली, तर बहुतेक वेळा ती कापावीच लागते.