पट्टीची झेरॉक्स काढा : डुशेनच्या मुलांचं हृदय, आणि आईचंही



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाचे सगळे कागद लॅमिनेट करून घेतले. आधार कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेचा बोनाफाईड, आणि त्याच गठ्ठ्यात मुलाची ईसीजीची पट्टी. बाकी सगळं चकचकीत होऊन बाहेर आलं. पट्टी मात्र तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी काळी. दुकानदाराचा तरी काय दोष? ईसीजीचा कागद बहुतेक ठिकाणी एसटीच्या तिकिटाचा असतो तसाच असतो, उष्णतेनं उमटणारा. गरम रोलरमधून गेला की सगळाच उमटतो.

ती पट्टी मुलगा सात वर्षांचा असतानाची होती. आता तो अकराचा आहे. त्याला घेऊन आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न, "जुनी पट्टी आहे का?" ताईंनी तो काळा कागद पुढे केला. डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, "मग आता आजपासूनच मोजायला सुरुवात करावी लागेल." चार वर्षं गेली ती गेलीच. त्या दिवशी आणि नंतर दोनदा जाऊन मी विचारविचारून जे वहीत लिहून आणलं, ते आज सांगते.

या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. डीएमडीही म्हणतात. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एखाद्याला होणारा हा आजार. मूल उशिरा चालतं, पळता येत नाही, सारखं पडतं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येतं. पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात, म्हणून आजी म्हणते, पोरगं कसं गुबगुबीत आहे! सीपीके नावाची रक्ताची तपासणी केली की आकडा हजारोंमध्ये येतो आणि मग खरं कळतं. साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलगा खुर्चीला लागतो.

असं का होतं? आपल्या स्नायूंच्या पेशींना आतून डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन आधार देतं, गोधडीच्या टाक्यांसारखं. टाकेच नसले तर गोधडी प्रत्येक धुण्याला विरत जाते. तसा या मुलांचा स्नायू प्रत्येक हालचालीला थोडा थोडा फाटतो, आणि फाटलेल्या जागी निकामी तंतू आणि चरबी भरते. आता बघा, पायाला विश्रांती तरी मिळते. पण हृदय हाही स्नायूच, आणि तो दिवसाला लाखभर वेळा आवळतो. त्याचे टाके उसवणार नाहीत का?

पायांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मालिश, व्यायाम, बूट, खुर्ची. हृदयाकडे जात नाही, कारण ते तक्रारच करत नाही. तुमचं माझं हृदय थकलं तर जिना चढताना धाप लागते. हा मुलगा जिना चढतच नाही! बसून असलेल्या मुलाला धाप लागायचं कारणच नाही. त्याचं हृदय थकलं की तो जेवत नाही, पोटात दुखतं म्हणतो, उलटी करतो, वजन उतरतं, रात्री झोप लागत नाही. आपण म्हणतो अपचन झालं, ओवा द्या. म्हणून धाप लागण्याची वाट न बघता, काहीही त्रास नसताना हृदय तपासायचं असतं. डुशेनच्या मुलांची देखभाल कशी करावी याच्या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट आहे. निदान झालं की लगेच ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, आणि त्यानंतर निदान वर्षातून एकदा, आयुष्यभर. आमच्या ताईंना सातव्या वर्षी पट्टी काढून हातात दिली होती, पण दरवर्षी या, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ती पट्टी म्हणजे नेमकं काय? प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून विजेची एक बारीक लहर जाते. ती कातडीवरही पोचते आणि मशीन ती कागदावर उतरवतं. शॉक बसत नाही, मशीन वीज घालत नाही, फक्त ऐकतं. (हे मशीन बनवणारे डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं. त्या काळी पेशंटचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसवायचे. आता चिमटे आणि थोडी जेली.) हातापायांना चार आणि छातीवर सहा जोडण्या, आणि त्यांतून बारा बाजूंनी हृदयाची नोंद. देवळाला प्रदक्षिणा घालताना प्रत्येक बाजूनं कळस वेगळा दिसतो ना, तसं.

कागदावर चौकोन असतात. नेहमीच्या वेगानं काढलेल्या पट्टीवर एक मोठा चौकोन म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ठोके नियमित असतील तर दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजा आणि तीनशेला त्या आकड्यानं भागा. पाच चौकोन म्हणजे मिनिटाला साठ ठोके, चार म्हणजे पंच्याहत्तर, तीन म्हणजे शंभर. बचत गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला हे काय अवघड? डुशेनच्या मुलाचे ठोके शांत बसलेला असतानाही वयाच्या मानानं जास्त पडतात, त्यामुळे हा आकडा दर वर्षी फाइलवर लिहून ठेवावा.

बाकीचं वाचन डॉक्टरांचं. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. छातीवरच्या पहिल्या जोडणीत, व्ही १ मध्ये, या मुलांचं वर जाणारं टोक अनेकदा उंच असतं, आणि डाव्या कडेच्या जोडण्यांत खाली जाणारी अरुंद, खोल रेघ दिसते. हृदयाच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीत तंतू भरायला लागतात, त्याची ती खूण समजतात. इकोत पंपिंग अजून चांगलं असतानाही पट्टीवर हा बदल आलेला असू शकतो. गंमत अशी की तशीच खोल रेघ जुन्या हार्ट अटॅकमध्येही दिसते. त्यामुळे मशीन आपलं आपण वर इंग्रजीत हार्ट अटॅकची शंका छापून टाकतं. आमच्या ताईंच्या दिरानं ते वाचलं आणि घरात रडारड झाली. मशीनला मुलाचा आजार माहीत नसतो. म्हणून पट्टी काढणाऱ्याला आणि बघणाऱ्याला डुशेन हा शब्द आधी सांगायचा. मुलाचं वयही लिहायला लावायचं, कारण अगदी लहान बाळात ते उंच टोक साधंच असतं. पाठीला बाक आला असेल, मुलगा सरळ झोपू शकत नसेल, तर बसवून काढली की कुशीवर, तेही पट्टीवर लिहून घ्यावं. नाहीतर पुढच्या वर्षी बदल हृदयाचा की झोपण्याचा, हे कळत नाही.

पट्टीची मर्यादाही सांगते, कारण "ईसीजी नॉर्मल आला" म्हणून घरी बसलेली मंडळी मी पाहिली आहेत. पट्टी वीज दाखवते, पंपाची ताकद दाखवत नाही. पट्टीत बदल आहे म्हणजे पंप बिघडलाच असं नाही, आणि बदल नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. ताकदीसाठी इको, आणि शहरात सोय असेल तर हृदयाचा एमआरआय, जो भिंतीतले तंतू सगळ्यात लवकर दाखवतो. पट्टीचा मोठेपणा एवढाच, की ती तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात निघते, इकोसाठी तारखा घेत जिल्ह्याला जावं लागतं. एका वर्षी इको हुकला तर निदान पट्टी तरी चुकवू नका.

कुणी म्हणेल, कळून उपयोग काय, आजार बरा तर होत नाही. मीही हेच विचारलं होतं. उत्तरात डॉक्टरांनी फ्रान्समधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. डुशेनच्या ५७ मुलांचं पंपिंग चांगलं असतानाच त्यांचे दोन गट केले. २८ मुलांना पेरिन्डोप्रिल नावाची, ब्लड प्रेशरला देतात त्या जातीची गोळी लगेच सुरू केली. २९ मुलांना तीन वर्षं खोटी गोळी आणि त्यानंतर खरी. दहा वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातली २६ मुलं जिवंत होती, दुसऱ्या गटातली १९. मुलं थोडी आहेत, पण फरक फक्त सुरुवातीच्या तीन वर्षांचा. म्हणून आता हृदय चांगलं दिसत असलं तरी दहाव्या वर्षापर्यंत या जातीची गोळी सुरू करावी असं सांगतात. एनालाप्रिल त्याच जातीची, महागडी नाही. पण शेजारच्या आजोबांची गोळी मुलाला द्यायची नाही. रक्तदाब, किडनी, पोटॅशियम बघूनच डोस ठरतो.

आणि आता आपल्याबद्दल. या आजाराची गुणसूत्रातली चूक बहुतेक वेळा आईकडून येते. तिच्याजवळ दोन एक्स असतात, एक चांगला असल्यानं ती चालती फिरती राहते. तिला वाहक म्हणतात. साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांत तर चूक नव्यानंच घडलेली असते, आईत नसतेच. त्यामुळे "तुझ्यामुळे झालं" हे कोणत्याही सासूनं म्हणू नये. आई वाहक आहे की नाही, ते जनुकांच्या तपासणीतूनच कळतं. पण वाहक बाईला नुसती वाहक म्हणून सोडून देतात, ही माझी खरी तक्रार आहे. तिचंही हृदय कमजोर होऊ शकतं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली वाहक बायका तपासल्या, तेव्हा डुशेनच्या वाहकांत शंभरात साधारण आठ जणींचं हृदय फुगून कमजोर झालेलं निघालं. पायात काहीही त्रास नसतानासुद्धा हे होऊ शकतं. म्हणून वाहक बाईनं तरुणपणी एकदा, आणि मग दर तीन ते पाच वर्षांनी पट्टी आणि इको करून घ्यावा. दम लागतो तो घरकामानं, असं धरून चालू नये. दिवस राहिले तर डॉक्टरांना हे आधी सांगावं, आणि वर सांगितलेल्या जातीची गोळी चालू असेल तर ताबडतोब, कारण ती गरोदरपणात चालत नाही.

छाती उघडी करावी लागते म्हणून बायका पट्टी टाळतात, हेही मला ठाऊक आहे. पडदा लावा म्हणायचं, सिस्टर मागायची, वरून ओढणी घ्यायची. तारा कापडाखालूनही बसतात.

मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, म्हणून प्रमाणपत्र मागायचा हक्क आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांना पडणारं मूल आवर्जून दाखवा. आणि पट्टीची त्याच दिवशी झेरॉक्स, मोबाइलवर फोटो, मागे तारीख आणि वय. मूळ पट्टी उन्हात, गरम ठिकाणी ठेवायची नाही.

ताईंच्या मुलाला गोळी सुरू झाली आहे. ताईंची स्वतःची पट्टी परवा ग्रामीण रुग्णालयात निघाली, इकोची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. त्यांची धाकटी बहीणही सोबत येते म्हणाली. तिचं लग्न यंदाच झालंय, आणि तिला कुणीच कधी तपासलेलं नाही.