नाव एकच, माल दोन

बँकेत सोनेतारणाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. दोन पाटल्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या आणि वजनालाही सारख्या असतात. तरी सराफाने कसोटीच्या दगडावर घासून पाहिल्याशिवाय कर्जाचा आकडा लिहायचा नसतो. मालक काय म्हणतो, दागिना कोणाच्या पेढीवर घडवला आहे, याला तिथे किंमत नाही. नोकरीतून मोकळा झाल्यावर ही सवय आपल्या कामाची राहिली नाही असे मला वाटत होते. ती पुन्हा उपयोगी पडली, आणि तीही संगणकावरच्या खेळांच्या कामी!

मंगरूळपीरला आमच्या गल्लीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा दिवाळी उलटल्यावर एक चिठ्ठी घेऊन आला. अकोल्याच्या एका दुकानात वापरलेले दोन लॅपटॉप विक्रीला होते. एकात 'जीफोर्स ९४०एमएक्स' नावाचे ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्यात 'जीफोर्स एमएक्स१५०'. दुसरा पाच हजारांनी महाग. "काकाजी, गेम खेळाले यातला कोनता घेऊ सांगा," त्याने विचारले. मागोमाग त्याचे वडीलही आले. ते कास्तकार माणूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरवला, आणि बाजारात तेवढाही पदरात पडेल याची खात्री नाही. "पाच हजार म्हंजे एक क्विंटल सोयाबीन हाय साहेब. ते गेममंदी घालू काय?" प्रश्न दोघांचाही रास्त होता, आणि दोघेही उत्तरासाठी माझ्याच तोंडाकडे पाहत होते.

आता हे ग्राफिक्स कार्ड करते तरी काय? लॅपटॉपचा पडदा आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार करा : २०,७३,६०० ठिपके. खेळातली मोटार गुळगुळीत पळताना दिसायची तर हे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपक्यांचे रंग ठरवायचे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा शाखेतल्या जुन्या हेडक्लार्कसारखा. कसलेही गुंतागुंतीचे काम द्या, तो निस्तरतो, पण बारा कोटी स्लिपांवर शिक्के मारणे हे काही त्याचे काम नव्हे. त्यासाठी एकाच वेळी एकच साधे काम करणारे शेकडो कारकून हवेत. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती कारकुनांची फौज. ९४०एमएक्समध्ये सर्वसाधारणपणे असे ३८४ कारकून असतात, आणि एमएक्स१५० मध्येही ३८४ च.

मग पाच हजार कशाचे? ९४०एमएक्स २०१६ सालचे, एमएक्स१५० २०१७ सालचे. पहिल्याची चिप २८ नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीने घडवलेली, दुसऱ्याची १४ नॅनोमीटरच्या. घडण बारीक झाली की तेच काम कमी विजेत होते, चिप कमी तापते आणि कारकुनांचा हात भरभर चालवता येतो. पूर्ण ताकदीच्या एमएक्स१५० चा मूळ वेग १,४६८ मेगाहर्ट्झ आहे. इथपर्यंत सारे सरळ आहे आणि महागातले घ्यावे असेच कोणीही सांगेल.

घोडे पेंड खाते ते पुढे. ९४०एमएक्स या एकाच नावाखाली दोन प्रकारचा माल विकला गेला. काही लॅपटॉपांत त्या कार्डाला जुनी 'डीडीआर३' स्मृती दिलेली, तर काहींत वेगवान 'जीडीडीआर५'. स्मृती म्हणजे शाखेतली स्ट्राँगरूम समजा आणि तिच्यापासून काउंटरपर्यंतचा एक बोळ. डीडीआर३ च्या बोळातून सेकंदाला १४ ते १६ गिगाबाइट माल जातो, जीडीडीआर५ च्या बोळातून सुमारे ४०. कारकून तितकेच, पण पहिल्या शाखेतले निम्मे कारकून बोळाकडे डोळे लावून रिकामे बसलेले! जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत लिहायचे, '२ जीबी ग्राफिक्स'. स्ट्राँगरूम किती मोठी ते सांगायचे, बोळ किती अरुंद ते सांगायचे नाही.

एमएक्स१५० ची तऱ्हा याहून न्यारी. त्याचे दोन अवतार निघाले. एक २५ वॅट वीज घेणारा, दुसरा पातळ आणि हलक्या लॅपटॉपांसाठीचा, अवघ्या १० वॅटचा. या दुसऱ्याचा मूळ वेग ९३७ मेगाहर्ट्झ, म्हणजे भावंडापेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी. खोक्यावरचे नाव मात्र तेच. चाचण्या करणाऱ्या परदेशी मंडळींनी २०१८ साली ही गोष्ट उजेडात आणली, तोवर घेणाऱ्यांनी घेऊनही टाकले होते. दहा वॅटचा एमएक्स१५० आणि जीडीडीआर५ चे चांगले ९४०एमएक्स हे प्रत्यक्ष खेळताना जवळपास एकाच पंगतीला बसतात. म्हणजे जास्त पैसे मोजून नव्या नावाचा जुनाच वेग घरी आणण्याची सोय झाली. दोन वेगळ्या ठेव योजना एकाच नावाने विकून वर व्याजदर सांगितला नसता, तर लेखापरीक्षकाने आमची काय गत केली असती, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

कसोटीचा दगड मात्र इथेही आहे, आणि तो फुकट मिळतो. 'जीपीयू-झेड' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उघडला की चिप कोणती, स्मृती कोणत्या जातीची, वेग किती, सारे एका चौकटीत दिसते. एमएक्स१५० पूर्ण ताकदीचे असेल तर त्याच्या ओळखक्रमांकात '१डी१०' असते, दहा वॅटचे असेल तर '१डी१२'. मी मुलाला हे कागदावर लिहून दिले आणि दुकानात पैसे काढण्याआधी ती चौकट उघडायला सांगितली.

तो गेला, बघितले, तिथूनच फोन केला. ९४०एमएक्स होते डीडीआर३ चे. आणि महागातला लॅपटॉप पातळ, देखणा, क्रमांक '१डी१२'. दोन्ही पाटल्या हलक्या कसाच्या निघाल्या म्हणायच्या! तरी बोळ रुंद असल्याने दुसरा थोडा सरस होताच. पण निकाल लागला तो कार्डावर नव्हे, प्रोसेसरवर. पहिल्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर होता, दुसऱ्यात आठव्या. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे, एखाद-दुसरा अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढेच चालते. ज्या घरात त्याच लॅपटॉपवरून पीकविम्याचा अर्ज भरायचा आणि पैसे पाठवायचे, तिथे ही बाब खेळापेक्षा मोठी. दुकानदाराला '१डी१२' चा अर्थ सांगितल्यावर पाच हजारांचा फरक दोन हजारांवर आला. उरलेले वडिलांनी खिशातच ठेवले, पोराच्या हाती दिले नाहीत.

त्यावर खेळता काय येते? 'व्हॅलोरंट' आरामात येतो. २०१२ सालच्या, वेगळे कार्डच नसलेल्या इंटेल चिपवरही तो चालावा अशी त्याच्या कर्त्यांची किमान अट आहे. २०१५ साली संगणकावर आलेला 'जीटीए ५' चित्राचा थाट कमी केला तर चालतो. 'सायबरपंक २०७७' चे नाव काढू नये. त्याला २०२३ पासून किमान ६ जीबीचे कार्ड लागते. शिवाय ही दोन्ही कार्डे ज्या पिढ्यांतली आहेत, त्यांच्यासाठी नव्या खेळांनुसार सुधारलेली चालक-प्रणाली देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती डागडुजी होणार आहे. तेव्हा हा सौदा दोन-तीन वर्षांचा आहे असे धरूनच पैसे मोजावेत.

राहिला वडिलांचा प्रश्न. खेळापायी पैसा वाया जातो, हे मला तितकेसे पटत नाही. आपल्याच वऱ्हाडातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यामागचे तत्त्व हेच होते : एका मोठ्या पंडिताऐवजी अनेक साधे प्रोसेसर एकाच कामाला जुंपायचे. त्या यंत्राची सांगितली जाणारी क्षमता सेकंदाला शंभर कोटी गणिते. एमएक्स१५० ची कागदावरची क्षमता त्याच्या सुमारे हजारपट भरते. दोन्हींकडची गणिते अगदी एका मापाची नसतात हे मान्य, पण आकडा डोळ्यांत भरतो. आणि २०१२ साली चित्रे ओळखणाऱ्या ज्या 'ॲलेक्सनेट' प्रणालीने आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला वेग दिला, ती टोरांटोच्या विद्यार्थ्याने खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन जीफोर्स कार्डांवरच शिकवली होती. पोरांनी बंदुकीच्या खेळांवर उधळलेल्या पैशातून त्या चिपा इतक्या स्वस्त आणि तगड्या झाल्या होत्या. हे ऐकून वडील "असं हाय का" एवढेच म्हणाले. पटले असे नाही, पण पुढे वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र परदेशी चाचण्यांत सापडत नाही, ती आपल्याकडचे ऊन. तिथल्या चाचण्या थंड खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि चिप ठरावीक तापमानावर पोचली की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग उतरवते. पातळ लॅपटॉपात पंखा लहान, त्यामुळे तो आधी दमतो. गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळले तर हवा आत घ्यायची जाळीच बंद होते. लाकडी पाटावर, मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवावा. वीज गेल्यावर बॅटरीवर खेळ मंदावतो, त्याला बिघाड समजू नये. वापरलेल्या यंत्रात पंख्याजवळ वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते आणि चिपवरचा उष्णता वाहून नेणारा लेप सुकलेला असतो. जाणत्या कारागिराकडून तो बदलून घ्यायला फारसा खर्च येत नाही. हे काम होळीच्या आत उरकावे.