पेलेटची शेगडी: राख आणि वाऱ्याची वाट

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यातील खापरखेड्याला राखेची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक अशा पाच संचांचे तेथील औष्णिक वीजकेंद्र कोळशावर चालते, आणि आपल्या देशी कोळशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा राखच असते. अशा केंद्रांत जाळण्याइतकीच दगदग राख काढण्याची असते. बॉयलरच्या नळ्यांवर साचणारी काजळी वाफेच्या झोतांनी वारंवार झाडावी लागते. घरातील पेलेटच्या शेगडीचा न्यायही हाच. फरक इतकाच की तेथे यंत्रणा असते आणि येथे गृहिणीच्या हातातील एक ब्रश.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले, पऱ्हाटी, तुराट्या यांचा चुरा मोठ्या दाबाखाली दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आखूड कांड्या. महाराष्ट्रातील घरांत त्या प्रथम मोठ्या प्रमाणावर पोहोचल्या त्या ‘ऊर्जा’ नावाच्या शेगडीबरोबर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ब्रिटिश पेट्रोलियमने ती २००६ च्या सुमारास बाजारात आणली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. शेगड्या लाखांनी खपल्या. नंतर कच्चा माल महागला, पेलेटचे दर चढले आणि घरगुती गिऱ्हाईक ओसरले. कंपनी हॉटेले व मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. व्यापाऱ्याला ही कथा नवी वाटणार नाही.

या शेगडीचा जीव तिच्या छिद्रांत आहे. लहानसा पंखा खालच्या छिद्रांतून थोडी हवा सोडतो, तिने पेलेट तापून त्यांतून ज्वलनशील वायू निघतो. वरच्या छिद्रांतून येणारी हवा तो वायू जाळते. म्हणूनच ज्योत निळसर, धूर नाममात्र. खालची छिद्रे राखेने बुजली तर आच मंदावते. वरची बुजली तर वायू अर्धवट जळतो, भांड्यांचे बूड काळे होते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू लागतो. त्याला ना रंग, ना वास. बंद खिडक्यांच्या स्वयंपाकघरात तो प्राणघातक ठरू शकतो. तेव्हा धूर दिसू लागला की पेलेटला दोष देण्याआधी छिद्रे पाहावीत.

सफाई शेगडी पूर्ण थंड झाल्यावरच करावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंतही जिवंत राहू शकतो. म्हणून राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात न टाकता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी. तळाशी खंगर चिकटलेला असतो, तो लाकडी काडीने उचकटावा. शेतकचऱ्यात पोटॅश अधिक असते, त्यामुळे त्याची राख लवकर वितळून घट्ट होते. छिद्रे जुन्या दातांच्या ब्रशने झाडावीत, अडलेली तारेने मोकळी करावीत. पंख्याला पाणी लावू नये; वीज तोडून पाती आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने पुसावीत. धुमसणाऱ्या शेगडीत रॉकेल ओतण्याचा मोह मात्र कदापि होऊ देऊ नये.

येथे जैन घरांतील एक जुना रिवाज उपयोगी पडतो. चूल पेटवण्यापूर्वी पूंजणी फिरवून तेथील जीवजंतू हळुवार बाजूला करणे ही जयणा आजीच्या हाताला सवयीची होती. रात्रभर उबदार राहिलेल्या शेगडीच्या छिद्रांत मुंग्या व झुरळे शिरतातच. पूंजणीचा एक फेर जीवही वाचवतो आणि वाऱ्याची वाटही दाखवतो. चातुर्मासात तर हे नित्याचेच हवे. त्या दिवसांत पेलेटची पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर आणि प्लास्टिकच्या आवरणात ठेवावीत. ओल लागली की कांडी फुगते, भुगा होते, बुरशी धरते. असा भुगा चाळून न टाकता शेगडीत घातला तर तो थेट छिद्रांत जातो.

उरला खरेदीचा प्रश्न. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानुसार औष्णिक केंद्रांनी कोळशात बायोमासचे पेलेट मिसळायचे आहेत; प्रमाण साधारण पाच टक्क्यांपासून सुरू होते. म्हणजे आता घरगुती शेगडीचे आणि वीजकेंद्राचे मागणे एकाच मालाला आहे. मोठा खरेदीदार माल प्रयोगशाळेत तपासून घेतो. घरच्याने निदान तराजू काढावा. चांगल्या लाकडी पेलेटमध्ये राख एक टक्क्याहून कमी असते, शेतकचऱ्याच्या पेलेटमध्ये पाच ते दहा टक्के किंवा अधिक, आणि भाताच्या तुसात तर पंधरा ते वीस. रोज एक किलो पेलेट लागत असतील आणि राख आठ टक्के असेल, तर महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम राख उपसावी लागेल. नवीन पोते घेताना १०० ग्रॅम पेलेट वेगळे पूर्ण जाळून राख तोलावी: २ ग्रॅम भरली तर निर्धास्त घ्यावे, १५ भरली तर भाव पुन्हा बोलावा.