चार तारांची घडणावळ

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण मैत्रिणींनो, घरखर्चाची वही जिच्या हातात असते तिला विचारा. हौसेला मोल असतं आणि ते दर महिन्याला द्यावं लागतं! मुलाची बाइक, नवऱ्याचा मोबाइल, आपली पैठणी, यांच्या किमती आपल्याला कळतात. पण मुलगी एक दिवस म्हणाली, ‘आई, माझ्या बेसचे पिकअप बदलायचेत,’ तर? पिकअप म्हणजे काय हेच माहीत नसताना हो म्हणायचं कसं, आणि नाही तरी म्हणायचं कसं?

आमची लेक इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बँडमध्ये ती बेस गिटार वाजवते. शिकवण्यांच्या पैशातून तिनं बारा हजारांना वापरलेली बेस घेतली. वर्षभरात तारा खरखरायला लागल्या, वरचे सूर लागेनात. बँडमधल्या मुलांनी तिला यादीच करून दिली. नवे पिकअप, जड पितळी घोडी, बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प. एकूण बावीस हजार! सासूबाई म्हणाल्या, ‘मुलीच्या जातीला हा खटाटोप कशाला?’ आमच्या ‘ह्यां’चं मत पडलं, विकून टाक आणि अभ्यासाला लाग. म्हणजे आता प्रश्न सुट्या भागांचा राहिला नव्हता. पोरीचं वाजवणं चालू राहणार की बंद पडणार, हा होता. मग मी तिच्याजवळ बसून सगळं समजून घ्यायचं ठरवलं. बचतगटांचे हिशेब तपासायची सवय अशी कामाला येते!

आधी बेस म्हणजे काय ते सांगते. नेहमीच्या गिटारला सहा तारा, बेसला बहुधा चार, आणि त्या जाड. आवाज एक सप्तक खाली. गाणं ऐकताना आपलं लक्ष गायकाकडे असतं, बेसकडे जात नाही. पण ती थांबली की गाणं एकदम पोकळ वाटतं. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेसकडे असायचं. 1951 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी विजेवर चालणारी बेस बाजारात आणली. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यामुळे सूर नेमका लागे. म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन’. 1960 मध्ये त्यांचीच ‘जॅझ बेस’ आली, दांडी थोडी निमुळती आणि पिकअप दोन. आजच्या बाजारातल्या कितीतरी बेस याच दोघींच्या लेकी-नाती आहेत. दांडी स्क्रूंनी जोडलेली, पिकअप स्क्रूंनी बसवलेले. त्यामुळे एकीचे भाग बरेचदा दुसरीला बसतात. भाग बदलायचा नाद लागतो तो इथूनच.

आता किमती. दिसायला सारखीच बेस पंधरा हजारांनाही मिळते आणि दीड लाखालाही. फेंडर कंपनीनंच 1982 मध्ये ‘स्क्वायर’ नावानं स्वस्त वाद्यं काढली. ती आधी जपानमध्ये बनली, आता चीन आणि इंडोनेशियात बनतात. अमेरिकेत बनलेली फेंडर दीड हजार डॉलरच्या पुढे जाते. लिओ फेंडर यांनी जानेवारी 1965 मध्ये कंपनी ‘सीबीएस’ला विकली. त्याआधीच्या बेस तर लाखांच्या भावात जातात. तो भाव नुसत्या आवाजाचा नाही, जुनेपणाचा आणि दुर्मिळतेचाही. आजीची नथ आपण वजनावर कुठे मोजतो?

यादीतला पहिला मान पिकअपचा. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे घातले की झाला पिकअप. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचंच तत्त्व. पिकअप बदलला की आवाजाची जात बदलते हे खरं. पण तार पट्टीवर घासून खरखरत असेल, तर भारी पिकअप ती खरखरही इमानेइतबारे ऐकवणार! चष्मा बदलून मोतीबिंदू जातो का?

म्हणून बावीस हजार काढण्याआधी आम्ही जिल्ह्याच्या गावी एका जुन्या वाद्य दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी बेस डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाले, ‘दांडी वाकलीय.’ पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि चार जाड तारांचा ताण तर सततचा. दांडीच्या आत लोखंडी सळई असते. ती त्यांनी किल्लीनं पाव फेरा फिरवली, थांबले, पुन्हा पाहिलं. मग घोडीवर तारांची उंची कमी-जास्त केली. शेवटी प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्या पट्टीवर दाबून वाजवली, आणि दोन्ही सूर जुळेपर्यंत घोडीचे तुकडे मागे-पुढे सरकवले. याला ‘सेटअप’ म्हणतात. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढतात ना? तंबोरा तोच, पण जवारी नीट लागली की बोलायला लागतो. तसंच हे. मजुरी आठशे, नव्या तारा बावीसशे. तीन हजारांत बेस बोलायला लागली! लेकीनं तिथेच उभ्याउभ्या अर्धा तास वाजवली.

घरच्या घरी होणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत. जुन्या तारा मंद वाजायला लागल्या की हौशी वादक त्या पातेल्यात उकळतात. अगदी अंडी उकडतो तशा! वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ निघतो, आवाज काही दिवस पुन्हा खुलतो. मात्र तारा कोरड्या पुसायच्या, नाही तर गंज चढतो. घोडीजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला की जुन्या गाण्यांतला बुटका, गोल आवाज येतो. भांडी घासायचा नवा स्पंज चालतो! डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन यांच्या 1962 च्या प्रिसिजनवर असाच स्पंज असे. तारा तुटल्याशिवाय ते बदलत नसत आणि एकाच बोटानं छेडत. आणि हो, बेस सतत भुणभुण करत असेल तर आधी घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कित्येकदा दोष भिंतीतल्या वायरिंगचा असतो.

मग भाग बदलणं हा निव्वळ वेडेपणा म्हणायचा का? तसंही नाही. जॅको पास्टोरियस यांच्या 1962 च्या जॅझ बेसच्या धातूच्या पट्ट्या काढून खाचा भरलेल्या होत्या, आणि वर बोटींना लावायचं इपॉक्सी होतं. मार्कस मिलर यांच्या 1977 च्या जॅझ बेसवर न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी प्रीॲम्प बसवला. आपल्याला कोणता आवाज हवा, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. कापड बघून शिंप्याकडे जाणं वेगळं आणि शेजारणीचं पाहून जाणं वेगळं.

इथे बायकांचं काय काम, असं वाटणाऱ्यांना मी कॅरल के यांचं नाव सांगते. 1935 मध्ये जन्मलेल्या या बाई लॉस एंजेलिसमध्ये गिटार वाजवायच्या. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवादक आला नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे हजारो रेकॉर्डिंग केली. ‘मिशन इम्पॉसिबल’ची ती प्रसिद्ध धून ऐकलीय ना? त्यात बेस त्यांचीच. तीन मुलांची आई असलेल्या बाईचं घर या वाद्यावर चाललं, आणि त्यांचं खास सामान काय? तारांवर ठेवलेला फेल्टचा एक तुकडा! आपल्या मुंबईत 1996 मध्ये जन्मलेल्या मोहिनी डे वडिलांकडून बेस शिकल्या, ए. आर. रहमान आणि स्टीव्ह वाय यांच्याबरोबर त्यांनी वाजवलं. सासूबाईंना मोबाइलवर त्यांचं वादन दाखवलं. ‘बोटं आहेत की काय!’ एवढंच म्हणाल्या, पण व्हिडिओ दोनदा बघितला.

आता विकायच्या वेळचा हिशेब. दागिना मोडताना सोनार घडणावळ परत देत नाही, तसंच इथे. बारा हजारांच्या बेसवर बावीस हजारांचे भाग चढवले, म्हणून कुणी चौतीस हजार देणार नाही. वापरलेल्या बेसचा गिऱ्हाईक मूळ भाग आहेत का हे आधी विचारतो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, डबीत घालून नाव लिहून ठेवा. लाकडाला नवं भोक पाडू नका, रंग खरवडू नका. जुन्या, मौल्यवान वाद्याचा मूळ रंग गेला तर किंमत निम्म्यावर येऊ शकते. आणि वापरलेली बेस घेताना दांडी सरळ आहे का पाहा, प्रत्येक पट्टीवर प्रत्येक तार दाबून ऐका, बटणं फिरवताना कर्रकर्र होते का बघा. मुलीला लाजू देऊ नका, दुकानदाराला घाई करू देऊ नका.

लेकीनं यादी फाडली नाही, कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवलीय. प्रीॲम्पवर काट मारली, पिकअपपुढे लिहिलं, ‘सहा महिन्यांनी, कान तयार झाल्यावर.’ शिकवण्यांच्या पैशातले तीनशे रुपये ती दरमहा बाजूला काढते. आमच्या घरखर्चाच्या वहीत दूध, गॅस, औषधं यांच्याखाली आता एक नवी ओळ आली आहे. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलंय, ‘बेस’. ह्यांनी परवा ती ओळ वाचली, काही बोलले नाहीत. खाली सही मात्र केली.

तुमच्या वहीत तुमच्या लेकीची अशी एखादी ओळ आहे का? आणि तुमची स्वतःची?