पायीची वहाण पायीच हवी

धनत्रयोदशीला घरोघरी नवे भांडे येते. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कवरून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने भाईंदरकडे गेले, की पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत अशी स्टीलची भांडी घडवणारे गाळे लागतात. पत्र्याच्या चकत्या कापणे, पॉवर प्रेसवर त्यांना आकार देणे, पॉलिश करणे, ही कामे बहुतांशी उभ्यानेच चालतात. इथे पावलांना दुहेरी त्रास असतो. हातातून निसटलेला जड डाय वरून येतो आणि कडक कोबा दिवसभर खालून तळवे ठेचतो. सेफ्टी शूज घेताना पहिल्याचा विचार होतो, दुसऱ्यावरचा उपाय चैन समजला जातो. माझ्या मते हा हिशेबच चुकतो. चावणारा बूट जेवणाच्या सुट्टीनंतर मशीनखाली सरकवला जातो आणि कामगार चपलेवर उभा राहतो. मग त्या बुटातल्या बोटांवरच्या पोलादी टोपीचा उपयोग काय? म्हणून पाळी संपेपर्यंत पायात राहणे हीच बुटाची पहिली कसोटी मानायला हवी.

अर्थात, नुसत्या मऊपणाला भुलूनही चालणार नाही. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागात बसणाऱ्या बुटाची पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसते. २० किलोची वस्तू साधारण एक मीटरवरून, म्हणजे कामाच्या टेबलाच्या उंचीवरून पडली तर होईल तेवढा हा आघात. १५ किलोन्यूटनचा, म्हणजे जवळपास दीड टनाचा दाबही तिला पेलावा लागतो. आघातानंतर टोपीखाली बोटांपुरती जागा उरलीच पाहिजे. युरोपीय ४१-४२ मापाच्या बुटात ती किमान १४ मिलिमीटर असते. याच मानकाच्या तिसऱ्या भागातल्या बुटाची कसोटी निम्मी, १०० जूलची आहे, आणि चौथ्या भागातल्या बुटाला टोपीची अटच नाही. दिसायला तिन्ही सारखेच काळे, जाडजूड. त्यामुळे आयएसआय चिन्हाशेजारचा भाग क्रमांक वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता आरामाकडे. ‘घालून घालून सैल होईल’ हा दुकानातला सल्ला साध्या चामडी जोड्याला लागू पडतो, कारण चामडे ताणते. पोलाद ताणत नाही. पहिल्या दिवशी करंगळीला लागणारी टोपी वर्षभरानेही तशीच लागणार. त्यावर एक नंबर मोठा घ्यावा, असे काही जण सुचवतात. पण त्याने लांबी वाढते आणि अडचण बहुधा रुंदीची असते. मोठ्या बुटात टाच वरखाली होऊन फोड येतात, शिवाय पाऊल जिथे दुमडते तिथे बूट दुमडत नाही आणि टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यांवर रुतते. खरा उपाय म्हणजे पुढून रुंद साचा आणि पाऊल मागे धरून ठेवणारी नाडी. दिवसभर उभे राहून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, कामाचेच मोजे घालून घ्यावे. दुकानात दोन पावले चालून भागत नाही. उकिडवे बसून, चवड्यांवर उठून पाहावे.

‘मग पोलादाऐवजी हलकी, बिगरधातूची कंपोझिट टोपीच घ्यावी,’ असे कोणी म्हणेल. ती हलकी असते, उष्णताही कमी वाहून नेते. पण तेवढ्याच ताकदीसाठी तिची भिंत जाड लागते आणि अरुंद साच्यात बोटांची जागा आणखी घटते. वजनाआधी आकार पाहावा. सोलचेही तसेच. फार मऊ सोलमध्ये पाऊल डगमगते आणि ते सावरताना स्नायू दमतात. टाचेखाली धक्का शोषणारा थर, तळव्याच्या कमानीला आधार आणि तेलकट लादीवर न घसरणारी पकड, हे तिन्ही हवे. खाडीकाठच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा सोल नुसता पडून राहिला तरी ठिसूळ होऊन भुगा होऊ शकतो, तेव्हा स्वस्तातला जुना माल घेताना निर्मितीची तारीख पाहावी. आणि टोपीवर एकदा जबर घाव बसला की वरून धड दिसला तरी तो बूट बाद करावा.

सर्वांत रास्त आक्षेप वेगळाच आहे: बूट कितीही चांगला असला तरी दहा तास उभे राहिल्यावर पाय दुखणारच. खरे आहे. पोटरीचे स्नायू हलले की रक्त वर ढकलले जाते. माणूस एकाच जागी खिळून उभा राहिला की ते पायांत साचते, घोटे सुजतात, शिरा फुगतात. यावर बुटाकडे उतारा नाही. म्हणूनच १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितली होती, म्हणजे काम करता करता सवड मिळाली की टेकता यावे. पायाखाली रबरी चटई, एक पाय आलटून पालटून टेकवायला पट्टी आणि मशीनजवळ एक स्टूल, एवढ्याचा खर्च मोडलेल्या बोटाच्या उपचारापुढे आणि बुडालेल्या रोजापुढे किरकोळ आहे. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण माणसाला त्याची पायरी दाखवायला वापरतो. गाळ्यात तिचा शब्दशः अर्थ घ्यावा. आणि वहाण पायात राहत नसेल, तर कामगाराला बोल लावण्याआधी तिचा साचा तपासावा आणि मशीनजवळ स्टूल आहे का ते पाहावे.